तिचा स्वभाव की तिची संध्याकाळ?

ताई, धाकटी जाऊ बँकेतून आली की कोणाशी न बोलता सरळ खोलीत जाते, म्हणजे ती घमेंडीच, असं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही.

दुसऱ्याच्या वागण्याचं खापर आपण त्याच्या स्वभावावर फोडतो, परिस्थिती विचारातच घेत नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये याला फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर, म्हणजे कारण ठरवण्यातली मूलभूत चूक, असं नाव दिलं. आपल्याला उशीर झाला तर ट्रॅफिक होता, दुसऱ्याला झाला तर तो बेफिकीर! परिस्थितीचा जोर किती असतो, हे 1973 च्या डार्ली आणि बॅटसन यांच्या प्रयोगात दिसतं. प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणारे विद्यार्थी भाषण द्यायला निघाले होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले, ज्यांना 'उशीर झालाय' असं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. काही जणांचा तर भाषणाचा विषयच वाटेतल्या जखमीला मदत करणाऱ्याची बोधकथा हा होता. ही मुलं काही दगडाच्या काळजाची नव्हती.

मग स्वभाव की परिस्थिती, हे ओळखायचं कसं? मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांनी 1967 मध्ये मांडलेली कसोटी मला फार उपयोगी वाटते. ती असं नेहमीच वागते का? इतर वेळी, इतर ठिकाणीही असंच का? तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही असंच वागलं असतं का? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. गणपतीत मोदक वळताना ती तासभर हसत-बोलत होती, असं तुम्हीच सांगितलंत. घमेंड काय सणाला सुट्टी घेते? दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी ऐकायची, मग विजयनगरहून लोकमान्यनगरपर्यंत ऐन गर्दीत स्कूटी हाकायची, आणि हेल्मेट काढायच्या आत सासूबाईंचं "दूध आणलंस का?" इतकं झाल्यावर मीही खोलीच गाठली असती.

अर्थात सगळंच परिस्थितीवर ढकलू नये. सुट्टीच्या दिवशीही ती फक्त तुमच्याशीच तुसडेपणाने वागत असेल, तर दोघींमध्ये काहीतरी खुपतंय. ते तिला एकटीला गाठून विचारा, सासूबाईंसमोर नको.

पण आधी आठवडाभर एवढं करा. ती आल्यावर अर्धा तास तिला कोणी काही विचारायचं नाही, दूध-भाजीचंसुद्धा नाही. मग चहा टाकून तुम्हीच हाक मारा.