चार दिवस झाले तरी पायथन चालेना, मग मुलीने कम्प्युटरचा नाद सोडावा का?

एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी कुठला विषय घ्यायचा ते महिनाभरात ठरवायचंय. गणित चांगलं आहे, कम्प्युटर सायन्स घ्यायचं तिच्या मनात होतं म्हणून सुट्टीत स्वतःहून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसली, आणि चार दिवस झाले तरी पहिला धड प्रोग्राम चाललेला नाही. आता म्हणते मला हे जमणारच नाही. वडील विचारतात, "नुसतं सॉफ्टवेअर टाकतानाच हे हाल, तर पुढे काय होणार? वेळीच दुसरी लाइन धरावी का? की लॅपटॉप जुना झालाय म्हणून हे होतंय, नवीन घेऊन द्यावा?" पत्राच्या खाली मुलीने स्वतः दोन ओळी टाइप केल्यात: "तीनदा इन्स्टॉल केलं. आधी पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडायचं. आता पायथन चालतंय पण नमपाय टाकूनसुद्धा 'नो मॉड्यूल नेम्ड नमपाय' येतंय. लॅपटॉप फॉरमॅट करू का?"

नमस्कार,

आधी तुमच्याशी बोलतो, मग तिच्याशी.

लाइन बदलायची की नाही हे या चार दिवसांवरून ठरवू नका, एवढं आधी सांगतो. कारण तिने अजून प्रोग्रामिंग केलेलंच नाहीये हो. पोहायला शिकायला गेली आणि चार दिवस तलावाच्या फाटकाचं कुलूपच काढत बसली, पाण्याला पाय लागला नाही, आणि आपण घरी बसून म्हणतोय की हिला पोहता येत नाही, असं झालंय हे. तिला प्रोग्रामिंग आवडतं का, जमतं का, याबद्दल या चार दिवसांतून काही म्हणजे काहीच कळलेलं नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसताच धीर देतोय असं होईल. ही कटकट पुढे संपत नाही. मी मार्गदर्शनात यायच्या आधी सात वर्षं प्रोग्रामर होतो, आणि पहिल्या नोकरीतले पहिले तीन दिवस माझ्या मशीनवर प्रोजेक्ट चालूच झाला नाही. जावा ही भाषा होती, मेव्हन नावाचं टूल होतं, आणि ते सारखं सांगायचं की 'जावा होम' नीट सेट केलेलं नाही. मी जावा दोनदा काढून परत टाकलं, मशीन दहादा रीस्टार्ट केलं, कुणाला विचारायची लाज वाटत होती म्हणून जेवायला पण उशिरा जायचो. तिसऱ्या दिवशी शेजारचा सीनियर खुर्ची सरकवून आला, त्याने काय केलं तर मेसेज मोठ्याने वाचला, अगदी शब्द न् शब्द, आणि म्हणाला, चल बघू, जावा होममध्ये तू काय लिहिलंयस. मी लिहिलं होतं जावाच्या फोल्डरचा पत्ता, पण शेवटी 'बिन' जोडून. मेव्हन स्वतःच त्या पत्त्यापुढे 'बिन' लावून आत जावा शोधतं, म्हणजे ते बिनच्या आत अजून एक बिन शोधत होतं, जे नव्हतंच. तीन अक्षरं पुसली आणि झालं. मला तेव्हा वाटलं की याला सगळं पाठ आहे, नंतर कळलं की त्याला उत्तर माहीत नव्हतं. त्याने मेसेज वाचला आणि मी वाचला नव्हता, एवढाच फरक होता. तीन दिवस तोच मेसेज डोळ्यासमोर होता पण लाल अक्षरं दिसली की माझी नजर सरळ खाली घसरायची.

तर पुढे नोकरीत हे रोजचं आहे. आणि फक्त नवख्यांचं नाही. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य अनुभवी लोक एकमेकांना इतकं ऐकवायचे की २०१३ साली डॉकर आलं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं ते मुख्यतः याच भांडणावर उपाय म्हणून: प्रोग्रामबरोबर त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बंद करून द्यायचं म्हणजे कुठेही उघडला तरी सारखाच चालेल. डेव्हऑप्स नावाची जी नोकरी आज ऐकू येते तिच्यातलं बरंचसं काम म्हणजे बाकीच्यांचे सेटअप सुरळीत चालतील हे बघणं. म्हणजे ज्या गोष्टीत तुमची मुलगी चार दिवस अडकली त्या गोष्टीवर लोकांची पोटं चालतात. ती कमी पडली म्हणून अडकली नाही, ती गोष्टच तशी किचकट आहे.

मग ठरवायचं कसं? माझं म्हणणं, दोन गोष्टी वेगळ्या करा. तीन आठवडे तिला इन्स्टॉल काहीही न करता प्रोग्रामिंग करू द्या. गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच उघडतं, गूगलचं अकाउंट असलं की झालं, पायथन तिकडच्या कम्प्युटरवर चालतं, आणि ते नमपाय, म्हणजे आकडेमोडीसाठी पायथनला जोडायचा तयार संच, तिथे आधीच टाकलेलं असतं. रोज तासभर पुरे. आणि तुम्ही बघायचं काय, तर तिला किती येतं ते नाही. दिलेलं उदाहरण चाललं की ती तिथेच थांबते, की 'इथे दहाच्या जागी हजार टाकलं तर काय होईल' असं स्वतःच काहीतरी बदलून बघते? अडलं की वैतागून उठते (उठू दे, सगळेच उठतात), पण तासाभराने परत येऊन बसते का? या दोन गोष्टी दिसल्या तर कम्प्युटर सायन्स बिनधास्त घ्या. आणि सगळं सुरळीत चालत असूनही तिला तो तास जड जायला लागला, घड्याळाकडे बघून उरकायला लागली, तर गणितात बाकी वाटा खूप आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण तो निर्णय मग खऱ्या कारणावर होईल.

लॅपटॉपचं म्हणाल तर नवीन घेऊ नका. जे चालेना त्याचा लॅपटॉपच्या वयाशी काही संबंध नाही, आणि शिकायच्या पातळीवरचं पायथन आणि व्हीएस कोड (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) जुन्या मशीनवरही चालतात. उद्या मोबाइलची ॲप बनवायला लागली तर अँड्रॉइड स्टुडिओ मात्र खादाड आहे, त्याला किमान ८ जीबी रॅम लागते आणि ८ मध्येही ते कुंथतच चालतं. तो विचार तेव्हा.

आणि एक विनंती. नात्यातला कुणीतरी कम्प्युटरवाला दादा येईल, पाच मिनिटांत खटाखट कीबोर्ड बडवून सगळं चालू करून देईल आणि 'एवढंच तर होतं' म्हणून निघून जाईल. तसं होऊ देऊ नका. त्याला बोलवा जरूर, पण कीबोर्ड तिच्या हातात राहू द्या, त्याने फक्त बोलायचं. नाहीतर चालू तर होईल पण तिच्या मनात पक्कं बसेल की हे बाकीच्यांना जमतं, मला नाही.

आता तुझ्याशी.

तुझ्या दोन ओळी मला फार आवडल्या, कारण तू 'एरर येतोय' एवढंच नाही लिहिलंस, काय येतंय ते लिहिलंस. निम्मे लोक तेवढंही सांगत नाहीत. तुझ्या लॅपटॉपवर माझ्या अंदाजाने आता एकापेक्षा जास्त पायथन आहेत. तीनदा इन्स्टॉल केलंस ना, एखाद्या वेळी वेबसाइटवरून आणि एखाद्या वेळी स्टोअर उघडलं तिथूनच 'गेट' दाबून, हो की नाही?

कसं असतं बघ. तू टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पायथन असं टाइप करतेस तेव्हा विंडोजला पायथन म्हणजे काय हे काही माहीत नसतं. त्याच्याकडे फोल्डरच्या पत्त्यांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. त्या यादीतल्या एकेका दारावर जाऊन तो विचारतो, पायथन आहे का घरात? पहिल्या ज्या दारात मिळेल तिथे थांबतो, पुढे बघतच नाही. वेबसाइटवरच्या स्टँडअलोन इन्स्टॉलरने टाकताना पहिल्याच स्क्रीनवर अगदी खाली एक छोटा चौकोन असतो, 'ॲड पायथन टू पाथ' अशा अर्थाचा, आणि तो आपणहून टिक केलेला नसतो. घाईघाईत 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं की तो राहतोच, शंभरातल्या नव्वदांचा राहतो असं मला वाटतं (हा माझा अंदाज हं, मोजलं नाहीये). मग पायथन लॅपटॉपवर असतं पण यादीत त्याचं दारच नसतं. आणि यादीत विंडोजने स्वतःचं एक खोटं दार ठेवलेलं असतं, ते उघडलं की स्टोअर. म्हणून तुला स्टोअर दिसत होतं. पायथन नव्हतं म्हणून नाही.

आता नमपायचं. तू पिप (असे संच पायथनमध्ये टाकून देणारं टूल) चालवलंस तेव्हा नमपाय एका पायथनच्या घरात गेलं, आणि व्हीएस कोड प्रोग्राम चालवतंय दुसऱ्या पायथनने, त्याच्या घरात नमपाय नाही, म्हणून तो बिचारा खरंच सांगतोय की इथे असं काही नाही. दोघंही खरं बोलतायत.

हे तपासून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. टर्मिनलमध्ये 'व्हेअर डॉट ईएक्सई', मग स्पेस देऊन 'पायथन' असं टाइप कर. डॉट ईएक्सई विसरू नकोस, कारण व्हीएस कोडमधलं टर्मिनल बहुतेक पॉवरशेल असतं आणि तिथे नुसतं 'व्हेअर' म्हणजे भलतीच कमांड आहे, ती काही न बोलता गप्प बसते आणि माणूस अजून गोंधळतो. यादी येईल, यादीत आहेत तितकी दारं, त्यात ज्याच्या पत्त्यात 'विंडोजॲप्स' आहे तो स्टोअरवाला. आणि एखादं पायथन लॅपटॉपवर असूनही या यादीत दिसणार नाही, कारण त्याचा तो चौकोन टिक झालेला नसेल, म्हणून सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतही एकदा नजर टाक.

मग सेटिंग्जमधून सगळी पायथन काढून टाक. तिथेच 'ॲप एक्झिक्युशन अलायसेस' असं शोध आणि पायथनच्या नावापुढची बटणं बंद कर, म्हणजे ते खोटं दार गेलं. मग वेबसाइटवरच्या स्टँडअलोन इन्स्टॉलरने एकच, एकदाच, चौकोन टिक करून टाक. आणि आता महत्त्वाचं, इथे खूप जण फसतात: उघडी असलेली सगळी टर्मिनल बंद कर, व्हीएस कोडसुद्धा पूर्ण बंद करून परत उघड, कारण आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीकडे जुनीच यादी असते, तिला नवीन दार लागल्याचं कळतच नाही, आणि आपल्याला वाटतं की अजून बिघडलेलंच आहे आणि आपण चौथ्यांदा इन्स्टॉल करतो. नमपाय टाकताना नुसतं पिप न लिहिता 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल नमपाय' असं लिही, म्हणजे ज्या पायथनला हाक मारतेस त्याच्याच घरात जाईल. शेवटी व्हीएस कोडमध्ये पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात व्हर्जनचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक करून तोच पायथन निवड. आणि तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव चुकून नमपाय डॉट पीवाय ठेवलं नाहीयेस ना? तसं असेल तर पायथन खऱ्या नमपायऐवजी तुझीच फाइल उचलतं. हसू नकोस, मी स्वतः रँडम नावाची फाइल बनवून त्यातच रँडम इम्पोर्ट करून एक संध्याकाळ घालवलीये.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं, काय बदललं, काय झालं. तू तीनदा इन्स्टॉल केलंस त्यात मध्ये अजून काय काय केलंस ते आज तुला आठवेल का? नाही ना. म्हणूनच आता कळत नाहीये. एरर आला की पायथनमध्ये सगळ्यात शेवटची ओळ आधी वाच, खरं कारण तिथे असतं. सी किंवा जावा कंपाइल करशील तेव्हा उलटं, पहिला एरर आधी, खालचे वीस बऱ्याचदा त्या एकाचीच पिल्लं असतात.

एआयला विचारतेस का? विचार, काही वाईट नाही, पण मेसेज पूर्ण कॉपी करून दे, विंडोज की मॅक आणि कुठलं व्हर्जन ते सांग, काय करून झालंय तेही सांग. माणसाला विचारतानाही हेच, आणि फोनने काढलेला तिरका फोटो पाठवू नकोस, मजकूर पाठव. एआयने कमांड दिली की ती काय करणार आहे हे आधी त्यालाच विचार, विशेषतः काही डिलीट करणारी किंवा पाथ बदलणारी असेल तर. पाथमध्ये नवीन ओळ जोडण्याऐवजी अख्खी यादीच पुसून बसलेले लोक मी पाहिलेत, मग पायथन राहिलं बाजूला, बाकीच्या कमांडही ओळखू येईनाशा होतात.

हे सगळं आजच करायला पाहिजे असं नाही. आज कोलॅब उघड आणि प्रोग्राम लिही, चार दिवस वाट बघतेयस त्याची. इन्स्टॉलचं रविवारी बघ, वही घेऊन.

आणि फॉरमॅट नको करूस. चाललं तरी काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि तो चौकोन परत टिक करायचा राहिला तर रविवारी संध्याकाळी पुन्हा तेच स्टोअर उघडेल, वर तुझे सगळे फोटो गेलेले असतील.