टेनपिन बोलिंग: स्पर्धेच्या ठिकाणीच नवा बॉल विकत घेऊन तिथेच ड्रिल करून घ्यावा का?

घ्या, पण हाताला चोख बसणारा जुना बॉल सोबत असेल आणि ड्रिलिंग (बॉलमध्ये बोटांची होल पाडणं) व पहिली फ्रेम (गेममधली एक फेरी) यांच्यात निदान एक रात्र मिळणार असेल, तरच. तुम्ही लिहिलंय की उजव्या हाताने खेळता, ग्रिप फिंगरटिप आहे (बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातात), अंगठा वापरता, बॅगेत एक जुना रिअ‍ॅक्टिव्ह (रेझिनच्या कव्हरचा, जास्त वळणारा) आणि एक प्लास्टिकचा स्पेअर बॉल (उरलेल्या पिनांसाठीचा, सरळ जाणारा) आहे, गुरुवारी संध्याकाळी पोहोचताय आणि तुमचा स्क्वॉड (खेळायची पाळी) शनिवारी सकाळी आहे. म्हणजे अख्खा शुक्रवार हातात आहे. तेवढ्यात जमतं. शनिवारी सकाळी प्रो शॉप (बॉल विकणारं आणि ड्रिल करून देणारं दुकान) उघडल्यावर बघू म्हणाल, तर मात्र जुन्या बॉलवरच खेळा.

कोणता बॉल घ्यावा हा यातला सोपा भाग, आणि लोक नेमका सगळा वेळ त्यातच घालवतात. आधी स्पर्धेच्या ऑईल पॅटर्नचा, म्हणजे लेनवर तेल कसं पसरलंय त्याचा, तक्ता मागून घ्या. त्यावर पॅटर्नची लांबी फुटांत आणि तेल मिलिलिटरमध्ये दिलेलं असतं. लांबीतून ३१ वजा केले की बॉलने साधारण कितव्या बोर्डजवळून (बोर्ड म्हणजे लेनची उभी पट्टी, उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवीकडून मोजायची) आत वळायला हवं ते कळतं. ४१ फुटांच्या पॅटर्नला १० वा बोर्ड, ३६ फुटांच्या पॅटर्नला ५ वा. हा ठोकताळा आहे, पण बॅगेत काय कमी आहे हे त्यावरून लगेच लक्षात येतं. लांब आणि भरपूर तेलाच्या पॅटर्नला खरखरीत पृष्ठभागाचा सॉलिड (कव्हरमध्ये चमकीची भर नसलेला) रिअ‍ॅक्टिव्ह लागतो. आखूड पॅटर्नवर पुढची कोरडी लेन मोठी असते आणि ताकदवान बॉल तिथे एकदम उसळून वळतो, म्हणून युरेथेन (कमी उसळणाऱ्या कव्हरचा) किंवा शांत वळणारा बॉल बरा. शुक्रवारी सकाळी जुन्या बॉलने दोन गेम टाकून बघा. तो लवकर वळून पिनांपाशी दमलेला पोहोचत असेल, तर नवा बॉल त्याच्यापेक्षा कमी ताकदीचा किंवा पॉलिश केलेला हवा. वळतच नसेल, तर उलट. वजन जुन्याइतकंच ठेवा, १४ पौंडांवरून १५ वर जायची ही वेळ नव्हे. आणि कालच्या विजेत्याने तोच बॉल वापरला, हे काही कारण नाही. त्याचा वेग आणि त्याचे रेव्ह (बॉलला दिलेली फिरकी) त्याच्याबरोबर गेले.

पैसे देण्याआधी खोक्यावरचं लेबल वाचा. त्यावर टॉप वेट (बॉलच्या वरच्या अर्ध्या भागातलं जास्तीचं वजन) औंसांत आणि पिन डिस्टन्स इंचांत लिहिलेलं असतं. पिन म्हणजे कोअरचं (बॉलच्या आतल्या गाभ्याचं) टोक दाखवणारा रंगीत ठिपका. पिन डिस्टन्स म्हणजे त्या ठिपक्यापासून गुरुत्वमध्याच्या खुणेपर्यंतचं अंतर. २ ते ४ इंचांची पिन असेल तर ड्रिलरला हवा तो लेआउट (पिनच्या तुलनेत होलांची जागा) काढायला मोकळीक मिळते. टॉप वेट महत्त्वाचं अशासाठी की युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या, म्हणजे यूएसबीसीच्या, नियमांनुसार १० पौंडांहून जड बॉल ड्रिल झाल्यावर कुठल्याही दिशेला ३ औंसांपेक्षा जास्त असमतोल चालत नाही. पूर्वी जास्तीचं वजन काढायला एक वेगळं बॅलन्स होल पाडायचे. १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद झालं. आता बॉलवर जी होल असतील ती पकडण्यासाठी वापरलीच पाहिजेत. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजून बॅलन्स होलचे सल्ले सापडतात, ते सोडून द्या. अंगठा वापरणाऱ्यांचं यात सहसा निभावतं, कारण तीन होलांतून वरच्या बाजूचं बरंच वजन निघून जातं. दोन हातांनी, अंगठ्याविना खेळणाऱ्यांनी मात्र कमी टॉप वेटचाच बॉल उचलावा.

आयोजकांना दोन गोष्टी विचारून ठेवा. हे मॉडेल या स्पर्धेच्या मंजूर यादीत आहे का? आणि बॉलची नोंदणी किंवा तपासणी असेल, तर ती बंद कधी होते? यादी बदलते. २०१६ आणि २०१७ मध्ये बनलेले हॅमरचे जांभळे युरेथेन बॉल २०२२ मध्ये यूएसबीसीच्या राष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाले, कारण त्यांतल्या काहींचा कठीणपणा ७२डी या किमान मर्यादेखाली गेलेला आढळला. सीरियल नंबर नीट वाचता येतोय ना, तेही दुकानातच बघा.

आता हात. नव्या बॉलवर स्पर्धा हातची जाते ती बहुतेक वेळा अंगठ्यामुळे. कोअर आणि कव्हरस्टॉकला (बाहेरच्या थराला) उगाच बोल लागतो.

तिथला ड्रिलर तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय. त्याच्यापुढे जुना बॉल ठेवा आणि स्पष्ट सांगा की याची हुबेहूब नक्कल हवी आहे. "माझं माप घ्या" असं म्हटलंत तर तो प्रामाणिकपणे नव्याने माप घेईल, त्याच्या पद्धतीने, आणि ते जुन्याशी जुळणार नाही. चांगला ड्रिलर तुमच्या जुन्या ग्रिपमधल्या चुकाही दाखवेल, आणि बहुधा त्याचं बरोबरच असेल. तरी हात दुखत नसेल तर त्या दुरुस्त्या घरी परतल्यावर करा. बदललेल्या ग्रिपची सवय व्हायला आठवडे लागतात.

त्याने जुन्या बॉलवरून हे सगळं मोजून कार्डावर लिहायला हवं: मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा स्पॅन (अंगठ्याच्या होलापासूनचं अंतर), तिन्ही होलांचे पिच, अंगठ्याच्या होलाचा आकार व त्याचा ओव्हल (लांबटगोलपणा), बोटांच्या इन्सर्टचा प्रकार आणि साइज, दोन बोटांमधल्या भिंतीची जाडी, कडांचा बेव्हल (घासून आणलेली गोलाई). कार्डाचा फोटो काढून ठेवा.

फसगत इन्सर्टपाशी होते. बोटांची होल बहुधा ३१/३२ इंचाच्या बिटने पाडतात आणि त्यात रबरी इन्सर्ट चिकटवतात. दोन कंपन्यांच्या इन्सर्टची भिंत सारख्या जाडीची नसते. स्पॅन मोजताना इन्सर्टची आतली कड धरली की होलाची कड, यावर पकड १/१६ इंचाने किंवा त्याहून जास्त लांब-आखूड होते. कागदावर हे नगण्य वाटतं, पण हाताला पहिल्याच फ्रेमला कळतं. म्हणून तुमच्याच मॉडेलचे इन्सर्ट मागा. त्याच्याकडे नसतील तर स्पॅन आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत जुळवायला सांगा.

पिचबद्दल थोडं समजून घेतलेलं बरं. होल बॉलच्या बरोबर केंद्राकडे गेलं तर पिच शून्य, तळहाताकडे झुकलं तर फॉरवर्ड, उलट दिशेला झुकलं तर रिव्हर्स, आणि डावीउजवीकडे झुकलं तर लॅटरल. अंगठ्याला रिव्हर्स जास्त झाला की बॉल हातातून निसटेल असं वाटतं आणि माणूस नकळत आवळायला लागतो. फॉरवर्ड जास्त झाला की अंगठा अडकतो आणि बॉल उशिरा सुटून लेनवर धप्पकन आदळतो. दोन्हीकडे १/८ इंचाचा फरक सहज जाणवतो.

माप कधी द्यायचं यालाही महत्त्व आहे. लांबच्या प्रवासानंतर बोटं सुजलेली असतात, थंड हॉलमध्ये ती आक्रसतात, आणि दोन-तीन गेमनंतर अंगठ्याचा घेर पुन्हा बदलतो. विमानातून उतरून थेट दुकानात जाऊ नका. शुक्रवारी ते दोन गेम टाकून झाले की अर्ध्या तासात माप द्या. अंगठ्याचं होल किंचित सैल ठेवून घ्या, इतकं की टेपचे दोन-तीन तुकडे लावल्यावर बरोबर बसेल. सूज आली तर तुकडा काढता येतो. आधीच घट्ट पाडलेलं होल मात्र स्पर्धेच्या मध्यात मोठं करता येत नाही.

जुन्या बॉलमध्ये फिरवून काढता येणारा अंगठा (अंगठ्याचं होल असलेला सुटा भाग) असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. ड्रिलरने त्याच सिस्टीमची, त्याच साइजची बाहेरची स्लीव्ह त्याच पिचला बसवायची, आणि तुमचा सवयीचा अंगठा नव्या बॉलमध्ये येतो. असा अंगठा नसेल तर या घाईत नव्याने सुरू करू नका, साधा स्लग (अंगठ्याच्या जागी चिकटवून मग होल पाडायचा प्लास्टिकचा भरीव तुकडा) घ्या.

लेआउटवर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुम्हाला यातलं थोडंच लागेल. बॉल सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं पृष्ठभागावरचं टोक म्हणजे पॅप. ते ग्रिपच्या मध्यापासून मोजतात, उदाहरणार्थ ५ इंच उजवीकडे आणि १/२ इंच वर. बॉलचा घेर साधारण २७ इंच, त्याचा पाव भाग ६ ३/४, आणि त्याच्या निम्मे ३ ३/८. सिमेट्रिक (सममित कोअरच्या) बॉलची पिन पॅपपासून या ३ ३/८ इंचांवर आली की फ्लेअर (बॉल फिरताना तेलाच्या रिंगा एकमेकींपासून सरकणं) सगळ्यात जास्त, आणि ० किंवा ६ ३/४ वर सगळ्यात कमी. अनोळखी पॅटर्नवर मी ४ ते ५ इंच आणि पिन बोटांच्या वर असाच लेआउट सुचवेन. त्याने बॉल मागच्या टप्प्यात वळतो आणि अंदाज बांधता येतो. जुन्या बॉलचा लेआउट आवडत असेल तर तोच पुन्हा काढून घ्या, म्हणजे फरक फक्त बॉलचा राहील. पॅप माहीत नसेल तर जुना बॉल तेलावर टाका आणि न पुसता ड्रिलरकडे न्या. पहिल्या तेलाच्या रिंगवरून त्याला तो काढता येतो. खोक्यातून नुकताच आलेला असिमेट्रिक बॉल पॅप माहीत नसताना ड्रिल करून घेणं म्हणजे अंदाजपंचे.

प्रत्यक्ष ड्रिलिंगला तासभर पुरतो, वेळ जातो तो गोंदात. स्लगचं मोठं होल आधी पाडतात, त्यात स्लग चिकटवतात, गोंद धरल्यावरच स्लगमध्ये अंगठ्याचं होल पाडतात. गोंद ओला असताना घाई केली तर स्लग फिरतो किंवा पुढे खेळताना सुटतो. इपॉक्सी पूर्ण घट्ट व्हायला रात्र लागते, लवकर धरणारे गोंद आहेत, पण कोणता वापरणार ते विचारा. स्पर्धेच्या दुकानात रांग असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळीच नाव लावून ठेवा. आणि एखादं होल चुकलं तर? रेझिन ओतून बुजवता येतं आणि पुन्हा पाडता येतं, पण रेझिन सुकेपर्यंत तुमची स्पर्धा सुरू झालेली असेल. म्हणून बिट लावण्याआधी बॉलवरच्या पेन्सिलीच्या खुणा आणि कार्डावरचे आकडे दोघांनी मिळून एकदा वाचा. उजवा-डावा हात उलट झाल्याची चूकही होते, हसू नका.

बॉल हातात आल्यावर दुकानातून लगेच निघू नका. अंगठा पूर्ण आत घालून बोटं ठेवा, हात बाजूला लटकवून झुलवा. अंगठ्याच्या बुडाशी कातडी खेचली जात असेल किंवा तळहात ताणला जात असेल तर स्पॅन लांब आहे. पकडायला अंगठा आत वाकवावा लागत असेल तर होल मोठं आहे किंवा रिव्हर्स जास्त आहे. कड टोचत असेल तर बेव्हल कमी आहे, आणि ते तिथल्या तिथे घासून होतं. नव्या स्लगची कड पहिल्यांदा टोचतेच, आणि दोन गेम टाकून पुन्हा घासून घेणं हा ड्रिलिंगचाच भाग आहे. नंतर बॉल डोडो स्केलवर (बॉलचा असमतोल मोजणाऱ्या तराजूवर) तोलून आकडे लिहून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी निदान तीन गेम टाका. पहिल्या गेममध्ये स्कोअर बघू नका, फक्त अंगठा कसा सुटतोय ते बघा. पृष्ठभाग बदलायचा असेल तर तोही याच वेळी. लेआउटपेक्षा पृष्ठभागाने बॉल जास्त बदलतो हे लक्षात घ्या. बॉल लवकर वळत असेल तर २००० चा पॅड (घासायची चकती; आकडा मोठा तितकी ती बारीक) मारलेला ४००० करा किंवा पॉलिश लावा. वळायला उशीर होत असेल तर १००० वर आणा. नव्या रिअ‍ॅक्टिव्ह बॉलवरचे पॅडचे ओरखडे पहिल्या काही गेममध्येच गुळगुळीत होतात, म्हणून सराव संपल्यावर हवा तो पॅड पुन्हा मारून घ्या. यूएसबीसीच्या नियमांत स्पर्धा सुरू असताना पृष्ठभाग घासता येत नाही, घासलात तर बॉल बाहेर जातो. १ ऑगस्ट २०१९ पासून स्पर्धा सुरू असताना क्लीनर किंवा कुठलंही द्रव लावून पुसायलाही बंदी आहे. कोरडा टॉवेल तेवढा चालतो.

रात्री बॉल गाडीत ठेवू नका. ऊन आणि थंडी यांच्या फेऱ्यात कव्हर फुगतं-आक्रसतं, आणि नुकत्याच पाडलेल्या होलांमधल्या बारीक भिंतीला तडा जाऊ शकतो. शनिवारी सकाळी सुरुवातीच्या सरावात दोन्ही बॉल टाकून बघा. नव्याचा अंगठा अजून अडकत असेल तर जुन्यानेच सुरुवात करा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गेमला, लेन कोरड्या व्हायला लागल्यावर, नवा काढा. तोवर अंगठ्याचा आकारही स्थिरावलेला असेल आणि टेपचे किती तुकडे लागतात हे कळलेलं असेल.