'सोशल डिझाइन'ला 'समाजरचना' म्हणू नका

'सोशल डिझाइन'ला मराठीत 'समाजरचना' म्हणावं का, असं नाशिकच्या पंचवटीतल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय. मुळीच नाही! समाजरचना म्हणजे जात, वर्ग, कुटुंब यांची जी वीण आधीपासून आहे ती. समाजशास्त्रानं तो शब्द केव्हाच घेऊन टाकलाय. तुमचा विषय वेगळा: लोक कसे वागतात हे समाजशास्त्राच्या रीतीनं समजून घ्यायचं आणि त्यावरून वस्तू, सेवा, व्यवस्था घडवायच्या. भिंत रंगवून खाली 'सोशल डिझाइन' लिहिणाऱ्यांपुढे तर हात टेकले.

'डिझाइन'ला 'अभिकल्प' हा शब्द हिंदीतच शोभतो. आपल्या दिंडोरी रोडवर धरणांचे आराखडे करणारी सरकारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. धरणाला 'संकल्पचित्र' ठीक, पण माणसांच्या प्रश्नात चित्र सगळ्यात शेवटी येतं.

खरा शब्द शिंप्याकडे आहे: बेतणे! मापाप्रमाणे कापड कापणे, हिंदीत ब्योंतना. लग्नाचा बेत, जेवणाचा बेत, बेताची परिस्थिती, सगळी त्याचीच पिलावळ. आणि गंमत बघा, 'डिझाइन'च्या मुळाशी लॅटिन 'सिग्नम', म्हणजे खूण. शिंपीही खडूनं खूणच करतो, पण आधी टेप लावून!

'जिवावर बेतणे' हेही याच घरातलं, असं माझं ठाम मत. काही पंडित ते हिंदी 'बीतना'शी, म्हणजे गुदरण्याशी, नेऊन बांधतात. बांधोत बापडे. बीततं ते आपोआप. जिवावर बेततं तिथे कुणाचं तरी माप चुकलेलं असतं. 27 ऑगस्ट 2003ला सिंहस्थात अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, 39 भाविक गेले. रामकुंडाकडे येणारी गर्दी जरा जवळून बघा. आजीच्या डोक्यावर गाठोडं, एका मुठीत नातवाचा सदरा, मागे सुनेनं धरलेला तिचा पदर. बॅरिकेडचं तोंड मात्र एका माणसापुरतं. आजी तिथे थबकणारच, आणि मागची रांग तिच्या पाठीवर. ही मूठ का सुटत नाही ते शोधणं समाजशास्त्राचं काम, तोंड किती रुंद ठेवायचं ते डिझाइनचं. 2027च्या सिंहस्थाचा विचार करणाऱ्यांनी दोन्ही माणसं एकाच टेबलावर बसवावीत.

हां, तुमचा प्रश्न. माझा शब्द 'समाजबेत'. अर्जावर मात्र 'सोशल डिझाइन'च लिहा, नाहीतर प्रवेश समितीला वाटायचं पुरणपोळी आहे.