त्वचेच्या लेश्मानियासिसमधली (वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा परजीवी रोग) प्रतिकारशक्ती अभ्यासायला कोणता उंदीर घ्यावा: बाल्ब-सी की ब्लॅक-सिक्स (प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या दोन जाती)?

ब्लॅक-सिक्स घ्या. पण तुम्ही जात विचारलीत, डोस नाही, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे.

नेहमीची पद्धत अशी: तळपायात दहा लाख लेश्मानिया मेजर (या रोगाचा एक परजीवी) टोचायचे, बाल्ब-सीची जखम चिघळते, ब्लॅक-सिक्सची भरते, झालं टीएच-2 विरुद्ध टीएच-1 (मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार: पहिला इथे परजीवीला फावतो, दुसरा त्याला मारायला मदत करतो). आयएल-4 आणि इंटरफेरॉन-गॅमाचा (या पेशींची संदेशक प्रथिनं, अनुक्रमे) हा फरक खोटा नाही. पण वाळूमाशीच्या बहुतेक चाव्यांतून काहीशे ते हजारभरच परजीवी जातात, तेही कातडीत. तळपायाला कातडी समजू नका.

कानात टोचा. कल्चरची वाढ थांबली की पीनट अ‍ॅग्लुटिनिन (अपक्व परजीवींच्या गुठळ्या करणारं शेंगदाण्यातलं प्रथिन, मिलीला 100 मायक्रोग्रॅम) घालून अर्धा तास ठेवा, हलकं सेंट्रिफ्यूज करा. गुठळ्या खाली बसतात, मेटासायक्लिक (संसर्गाला तयार झालेले परजीवी) वरच्या द्रवात राहतात. तेच मोजून घ्या. 10 मायक्रोलिटरमध्ये 1000 पुरेत. उंदीर भुलीखाली, इन्सुलिनची सिरिंज, सुईचं तिरपं तोंड वर. कानावर पांढरा फुगवटा उठला तरच सुई कातडीत होती. नाही उठला तर सुई आरपार गेली, तो कान मोजणीतून काढा. परजीवी तळाशी बसतात, म्हणून सिरिंज भरण्याआधी दर वेळी नळी हलवा. शेवटच्या उंदरांचे आकडे वेडेवाकडे येतात ते बहुधा यामुळेच.

मग चार-पाच आठवडे काहीच दिसत नाही. इथे लोक घाबरून डोस वाढवतात. वाढवू नका! आत परजीवी वाढत असतात. व्हर्नियरने जखम मोजणं म्हणजे परजीवी मोजणं नव्हे, त्याला लिमिटिंग डायल्यूशनच (नमुना पातळ करत जाऊन कुठवर परजीवी वाढतात ते पाहणं) लागतं. जखम भरल्यावरही थोडे उरतात, आयएल-10 (प्रतिकार आवरणारं प्रथिन) देणाऱ्या नियामक टी-पेशींच्या आडोशाने. पुढच्या संसर्गापासूनचं संरक्षण त्या उरलेल्यांमुळे टिकतं. दहा लाखांच्या घाईत हे सगळं हातचं निसटतं.

आता राहिलेलं. पीनटची युक्ती मेजरला चालते, बाकी प्रजातींना बहुधा फायकॉल (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) लागतं. फार वेळा पुढे वाढवलेलं कल्चर मवाळ होतं, अधूनमधून उंदरातून ताजं काढा. मेजरच्याच सायडमन स्ट्रेनची (उपप्रकाराची) जखम ब्लॅक-सिक्समध्येही भरत नाही. औषध तपासायला बाल्ब-सी चांगलाच आहे.

लशीचं काम असेल तर सुईवर थांबू नका. मारलेल्या परजीवींची लस सुईच्या संसर्गाला पुरली, पण संसर्गित माशी चावल्यावर तोकडी पडली. चाव्याच्या जागी न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) धावून येतात आणि रेंगाळतात. ते रेंगाळणं सुईने घडवता येत नाही.