आजोबांचा मेंदू खरंच सुकलाय का?

साठीनंतरच्या उदासीनतेवर गेल्या खेपेला लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक स्कॅनबद्दल. त्यातली काही घेतो.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. चार महिने उदास, जेवण तुटलंय, पहाटे तीनला जाग येते. एमआरआयच्या रिपोर्टात 'वयानुरूप मेंदूचं आकुंचन' आणि 'बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले बदल' असं आलंय. मेंदूच सुकला असेल तर गोळ्यांचा काय उपयोग? (सांगली)

उपयोग आहे, गोळ्या बंद करू नका. त्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'वयानुरूप', आणि घरात नेमका तोच कोणी वाचत नाही. केस पिकतात, कातडी सैल पडते, तसा मेंदूही थोडा आक्रसतो. रोज टेकडी चढणाऱ्या, हिशेबात पक्क्या असलेल्या त्यांच्या मित्राचा एमआरआय काढला, तरी बहुधा असंच काहीसं लिहून येईल. रक्तवाहिन्यांमुळे झालेले बदल म्हणजे स्कॅनवर दिसणारे पांढरे ठिपके, ते साठीपुढे बहुसंख्यांना असतात. ते सांगतात एवढंच, की रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा. ठिपके फार असले तर नैराश्य उतरायला वेळ लागू शकतो.

नैराश्य स्कॅनमध्ये दिसत नाही. ते माणसाशी बोलून कळतं. विसरण्याची तक्रार वडील स्वतः करतात की तुम्ही, हे पाहा. नैराश्यात बहुधा रुग्णच कुरकुरतो, "मला काही आठवत नाही." स्मृतिभ्रंशात तो म्हणतो "मला कुठे काय झालंय?" आणि काळजीत असतात घरचे. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम तपासलंय का? नैराश्याच्या काही गोळ्यांनी वयस्कांचं सोडियम उतरतं, आणि मग माणूस गोंधळतो. ही तपासणी एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

प्रश्न : सासरे ७८ वर्षांचे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरले, फारसं लागलं नाही. आता गप्प असतात, दिवसा झोपतात, चालताना एका बाजूला झुकतात. डिप्रेशनची गोळी द्यावी का? (रत्नागिरी)

नाही. आजच सीटी स्कॅन करा. (उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं प्रकरण नव्हतं, म्हणून या बाईंना आधीच फोन केला.) मेंदू आक्रसला की त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानंही एखादी फाटते आणि रक्त आठवडे-आठवडे हळूहळू साचत राहतं. पडल्याचं सगळे विसरतात, रुग्ण मंद होत जातो आणि घरचे म्हणतात, खचलेत. वेळेत सापडलं तर बहुतेकदा कवटीला छोटं भोक पाडून रक्ताचा निचरा करता येतो. इथे एमआरआयसाठी अडून बसू नये. सीटी काही मिनिटांत होतो.

प्रश्न : आई ६६ वर्षांची. आयुष्यात मानसिक त्रास नव्हता. आता शेजारीण दागिने चोरते म्हणते. भाऊ म्हणतो, हा वयाचा संशय. मग डॉक्टर एमआरआय का सांगतात? (नागपूर)

डॉक्टरांचं बरोबर आहे. 'वयाचा संशय' असा आजार नाही. पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच संशय, भास किंवा अतिउत्साह सुरू झाला तर त्यामागे मेंदूतली गाठ, होऊन गेलेला पक्षाघाताचा छोटा झटका किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात नाही ना, हे पाहावं लागतं. कपाळामागे सावकाश वाढणारी गाठ वर्षानुवर्षं फक्त स्वभावातूनच बोलते. बहुतेक वेळा स्कॅनमध्ये असं काही निघत नाही, मग निर्धास्तपणे संशयावर उपचार करता येतात. एक विचारायचं राहिलं : आईंना नीट ऐकू येतं का? अर्धवट ऐकू येणाऱ्याला शेजारची कुजबुज आपल्याबद्दलच वाटते. कानही तपासून घ्या.

प्रश्न : आईला ३० वर्षं बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य असा आजार) आहे, त्यावर लिथियमची गोळी चालू. दरवर्षी स्कॅन करावा का? (ठाणे)

नाही. त्या पैशात लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम नियमित तपासा. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जुलाब लागले, तर त्याच दिवशी आधी लिथियमची पातळी बघा. लक्षणं नेहमीपेक्षा वेगळीच वाटली, तर स्कॅनचा विचार तेव्हा.

प्रश्न : पेसमेकर असलेल्याचा एमआरआय होतो का? (पणजी)

काही पेसमेकर एमआरआयला चालणारे असतात, सगळे नाहीत. बसवताना मिळालेलं कार्ड शोधून केंद्रात आधीच दाखवा. जमत नसेल तर सीटीवर बहुतेक प्रश्न सुटतात.