‘निराशाजनक’ चित्रपट म्हणजे नेमका कसा?

प्रश्न असा आहे : समीक्षकांनी वाखाणलेला एक स्वतंत्र निर्मितीचा, अंधारा चित्रपट पाहून ‘चित्रपट निराशाजनक आहे’ असे म्हटले, तर तो मन खिन्न करणारा आहे असा अर्थ होतो की तो फसला आहे असा? आणि त्याऐवजी ‘माझा भ्रमनिराश झाला’ असे लिहावे का?

हा घोटाळा मी स्वतः अनुभवला आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात असाच एक चित्रपट पाहिला होता. त्यात एक म्हातारा विझलेल्या चुलीपुढे बसून राहतो आणि कॅमेराही त्याच्याबरोबर बसून राहतो, इतका वेळ की मागच्या रांगेतल्या खुर्च्या कुरकुरू लागल्या. बाहेर चहा घेताना मी ‘निराशाजनक आहे’ म्हणालो, तर शेजारचे गृहस्थ खुशीत म्हणाले, “अगदी बरोबर! शेवटपर्यंत आशेला जागाच ठेवली न्हाई पठ्ठ्यानं!” माझी तक्रार त्यांना स्तुती वाटली होती.

घोटाळ्याचे मूळ ‘निराशा’ या शब्दातच आहे. त्याला दोन अर्थ आहेत आणि मराठी ते क्रियापदावरून वेगळे ठेवते. नाव ऐकून गेलेल्या खानावळीत तांबडा रस्सा पाणचट निघाला, तर आपली निराशा होते. ‘मला निराशा आली’ असे तिथे कोणी म्हणत नाही. उलट २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात ज्याच्या उसात पंचगंगेचे पाणी शिरले, त्याला निराशा आली असे आपण म्हणू, कारण तिथे एखादी अपेक्षा मोडलेली नसून उमेदच संपलेली असते. ‘जनक’ हे उत्तरपद लागले की होणे आणि येणे यांतला हा भेद पुसला जातो. त्यात वर्तमानपत्रांनी ‘निराशाजनक निकाल’, ‘निराशाजनक फलंदाजी’ असे इतके छापले आहे की हा शब्द आता बहुधा सुमार दर्जाचाच निवाडा वाटतो. म्हणून चित्रपटाच्या काळोख्या प्रकृतीसाठी तो वापरू नये, असे माझे मत आहे.

त्या प्रकृतीसाठी ‘विषण्ण’ हा शब्द चांगला आहे. त्याचा धातू ‘विषाद’चाच असून मूळ अर्थ खचलेला, खाली बसलेला असा आहे. ‘उदास’ही चालेल, पण तो शब्द मुळात दुःखाचा नव्हे, अलिप्तपणाचा, तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’ या चरणात खिन्न मनाने खर्च कर असे सांगितलेले नाही. ‘करुण’ मात्र जपून वापरावा, कारण करुण रसात प्रेक्षकाचे मन द्रवते आणि असे बरेच चित्रपट ते जाणूनबुजून द्रवू देत नाहीत. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा शेतकरी दाखवला, त्या कथेला विषण्ण म्हणता येईल, पण निराशाजनक म्हटले तर पेंटरांवर अन्याय होईल.

आता आपल्या वाट्याला आलेल्या निराशेविषयी. ‘भ्रमनिराश’ हे रूप चूक आहे. शब्द ‘भ्रमनिरास’ असा आहे, आणि त्यातला ‘निरास’ म्हणजे दूर सारणे. ‘निरसन’ हा त्याचा सख्खा भाऊ, त्याचा आशेशी काही संबंध नाही. म्हणजे भ्रमनिरास व्हायला आधी भ्रम हवा. दिग्दर्शकाला तुम्ही देव मानत असाल आणि तो समज गळून पडला असेल, तर हा शब्द खुशाल वापरा. परीक्षणे वाचून आशेने गेलात आणि हाती काही लागले नाही, एवढेच घडले असेल तर ‘अपेक्षाभंग’ पुरेसा आहे. ‘हिरमोड’ त्याहून घरगुती आहे. तिकिटे संपल्यामुळे परत फिरावे लागले तर तो होतो.

लिहिताना मी असे लिहीन : ‘चित्रपट विषण्ण आहे याबद्दल तक्रार नाही, त्या विषण्णतेतून काहीच उमगले नाही, म्हणून माझा अपेक्षाभंग झाला.’ बोलताना एवढे लांब कोण बोलणार? त्या दिवशी चहाच्या गाड्यावर ‘पार पचका झाला’ असे म्हणालो असतो, तर त्या गृहस्थांनी माझ्या चहाचे पैसे खचितच दिले नसते.