पॉडकास्ट ऐकला, ऐकली की ऐकलं?

माझ्या भाच्याचा प्रश्न आहे. "मामा, घरात माणसं तीन आणि लिंगंही तीन झालीत. मी म्हणतो 'पॉडकास्ट ऐकली', आई म्हणते 'ऐकला', आजी म्हणते 'ऐकलं'. बरोबर कोण? आणि याला आपला मराठी शब्द का नाही?"

भाचा नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, प्रोग्रॅमिंगचं काम करतो आणि बसमध्ये चढला की इअरफोन कानात घालतो. 'चेंजलॉग', 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग रेडिओ' असे पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकायचे कार्यक्रम, तो वर्षानुवर्षं ऐकतोय. गाणी ऐकावीत तशी तो डेटाबेसवरची तासाभराची चर्चा ऐकतो. संध्याकाळी घरी आला की त्यातलं काहीतरी सांगतो आणि तिथेच हा वाद सुरू होतो.

वाद संध्याकाळीच का होतो, सकाळी का नाही, हे आधी पाहू. सकाळी तो म्हणतो, "मी बसमध्ये पॉडकास्ट ऐकतो." इथे क्रियापद 'मी'च्या मागे चालतं, पॉडकास्टचं लिंग कोणी विचारत नाही. संध्याकाळी वाक्य भूतकाळात जातं, कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद 'मी'ला सोडून पॉडकास्टच्या मागे जातं. आता ला, ली, लं यांतलं एक निवडावंच लागतं. परभाषेतलं नाम आपण आहे तसं उचलतो, पण क्रियापद घरचंच असतं, आणि ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लिंग विचारतं. सर्व्हर बसला, साइट झोपली, सॉफ्टवेअर अडकलं. भाच्याच्या ऑफिसात दिवसभर हेच मराठी चालतं आणि मला ते अस्सल मराठी वाटतं.

तिघांनी तीन लिंगं का निवडली, याचा मी बराच विचार केला. तिघांकडेही कारण आहे.

भाच्याचा कान आवाजावर गेला. त्याच्या कामातले '-स्ट'ने संपणारे शब्द बघा: टेस्ट फेल झाली, रिक्वेस्ट आली, लिस्ट रिकामी निघाली, पोस्ट वाचली. सगळ्या स्त्रीलिंगी. त्या रांगेत पॉडकास्ट आली आणि तीही स्त्रीलिंगी झाली. त्याच्या आईनं अर्थाकडे पाहिलं. तिच्या लेखी ही रेडिओच्या घरातली वस्तू; रेडिओ तो, कार्यक्रम तो, म्हणून पॉडकास्टही तो. बस ती झाली गाडीमुळे आणि रेकॉर्ड ती झाली तबकडीमुळे, तसंच हे.

आजीचं, म्हणजे माझ्या आईचं 'ऐकलं' मला सर्वांत जास्त भावलं. आपल्याला वाटेल, म्हातारीला वस्तू अनोळखी, म्हणून 'ते'. तसं नाही. आई तरुणपणी मे महिन्यात गंगेवर वसंत व्याख्यानमालेला जायची. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) जन्मभर बसून तिनं जे जे ऐकलं, ते आठवून पाहा: व्याख्यान, प्रवचन, कीर्तन, भारूड, भाषण, गाणं. एकूण एक नपुंसकलिंगी! कानांनी मन लावून ऐकायची गोष्ट 'ते' असते, हे तिच्या भाषेत इतकं मुरलंय की पॉडकास्टला तिनं न विचारता त्याच पंगतीत बसवलं.

परवाच मी समोर होतो. भाच्यानं एक भाग मध्येच थांबवून तिला मेमरी लीक म्हणजे काय ते सांगितलं: प्रोग्रॅम कामापुरती मेमरी मागून घेतो, काम झाल्यावर परत करायला विसरतो, असं होत होत मशीनकडे मेमरीच उरत नाही. आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे उसनवारी बुडवतो?" भाचा क्षणभर गप्प झाला. 'लीक' शब्दामुळे त्याच्या डोळ्यांपुढे आजवर गळणारा नळ होता. नळाचं पाणी वाहून जातं. इथे मेमरी कुठे जात नाही, घेणाऱ्याकडेच अडकून पडते. उसनवारीच ती. आणि 'मेमरी' स्त्रीलिंगी की काय, यावर कोणाचा वाद झाला नाही हेही लक्षात घ्या. शेवटी दीर्घ ई असलेले बहुतेक परके शब्द मराठीत निमूट स्त्रीलिंगी होतात. बॅटरी, लायब्ररी, फॅक्टरी. भांडण होतं ते पॉडकास्टसारख्या व्यंजनान्त उच्चाराच्या शब्दांवर.

निकाल द्यायचाच तर मी 'ऐकला'च्या बाजूनं देईन. एक तर वाचताना-ऐकताना मला हेच रूप सर्वांत जास्त भेटतं. दुसरं, अनेकवचन सोपं राहतं: एक पॉडकास्ट, चार पॉडकास्ट. नपुंसकलिंग धरलं तर 'पॉडकास्टं' म्हणावं लागेल आणि स्त्रीलिंगी 'पॉडकास्टी' तर भाचाही म्हणत नाही. पण 'ऐकलं' म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. शब्द नवा आहे, त्याचं लिंग अजून मुरतंय.

नवा म्हणजे किती? पत्रकार बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन' या ब्रिटिश वर्तमानपत्रातल्या लेखात या नव्या प्रकाराला काय म्हणावं म्हणून तीन नावं सुचवली: ऑडिओब्लॉगिंग, पॉडकास्टिंग आणि गुरिला मीडिया. त्यातलं मधलं टिकलं. पॉड आला आयपॉड या गाणी ऐकायच्या खिशातल्या यंत्रातून, कास्ट आला ब्रॉडकास्टमधून. २००५ साली एका ऑक्सफर्ड शब्दकोशानं, न्यू ऑक्सफर्ड अमेरिकननं, 'पॉडकास्ट'ला वर्षाचा शब्द ठरवलं. पुढे २०२२ मध्ये ॲपलनं आयपॉड बंद केला, नाव मात्र राहिलं. शिसपेन्सिलीत शिसं कुठे असतं?

यातला 'ब्रॉडकास्ट' मुळात शेतीतला शब्द आहे, बी हातानं फोकून पेरणं. आपल्याकडे वाफ्यात मेथी-कोथिंबीर फोकतात तसं. रेडिओला तो चपखल बसला: लहरी चहूकडे फोकायच्या, ज्याच्या घरी यंत्र असेल तिथे उगवेल. पॉडकास्टचं काम उलटं चालतं. नवा भाग एका ठिकाणी ठेवला जातो, आरएसएस नावाच्या यादीत त्याची नोंद होते, आणि ज्यानं नाव नोंदवलंय त्याचं ॲप ती यादी पाहून भाग घेऊन येतं. २००० सालच्या अखेरीस डेव्ह वाइनर या प्रोग्रॅमरनं त्या यादीत ध्वनीची फाइल जोडायची सोय केली, तेव्हापासून हे शक्य झालं. ही फोकणी नाहीच. हा रतीब आहे.

मराठी शब्दाचं विचारशील तर, भाच्या, जुने शब्द आधीच दुसऱ्या अर्थांत गुंतलेले आहेत. श्रुतिका म्हणजे रेडिओवरचं छोटं नाट्य, ध्वनिफीत म्हणजे कॅसेट, नभोवाणी म्हणजे रेडिओच. यातला एखादा ओढून आणला तर त्याचा जुना अर्थ आपण पुसू, आणि ते मला नको. पॉडकास्ट राहू दे. मात्र त्याच्या आतले शब्द आपल्याकडे तयार आहेत. एपिसोडला भाग म्हण. नाही तर 'पॉडकास्ट' एकाच वाक्यात कधी मालिका होतो आणि कधी तिचा एक भाग, आणि ऐकणारा गोंधळतो. होस्टला निवेदक किंवा सूत्रधार म्हण.

'पॉडकास्टवर ऐकलं' की 'पॉडकास्टमध्ये', हेही तू मागे विचारलं होतंस. रेडिओवर, कार्यक्रमात. पॉडकास्टला माध्यम मानलंस तर 'वर', कार्यक्रम मानलास तर 'मध्ये'. दोन्ही चालतात. आणि हल्ली लोक 'पॉडकास्ट बघितला' म्हणतात, त्यावर नाक मुरडू नकोस. चित्रफीत समोर असेल तर ते खरंच बघत असतात.

राहिलं 'सबस्क्राइब'. त्याला मराठी कधीच मिळालंय. आपण पेपर लावतो, दूध लावतो, डबा लावतो, क्लास लावतो. तसाच पॉडकास्ट लावायचा. "पॉडकास्ट लाव" म्हटलं तर आत्ता सुरू कर, आणि "मी तो पॉडकास्ट लावलाय" म्हटलं तर त्याचा रतीब घरी येतो. आजीला विचार, तिला हा फरक सांगावा लागणार नाही.